सॅन फ्रान्सिस्को : एका बंदरनगराचा इतिहास, अर्थव्यवस्था आणि जीवनशैली

सारांश

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को हे शहर अवघ्या पावणेदोन शतकांत एका लहानशा वस्तीपासून जागतिक वित्त व माहिती तंत्रज्ञानाचे केंद्र बनले. सोने, चांदी, रेल्वे, बंदर, बँका, पर्यटन आणि संगणक अशा एकामागून एक आलेल्या आर्थिक लाटांनी या शहराची घडण केली. प्रत्येक लाटेबरोबर नवा समाज शहरात आला आणि जुन्या समाजाच्या निवाऱ्याचा प्रश्न उभा राहिला. प्रस्तुत लेखात शहराचा इतिहास, अर्थव्यवस्था व जीवनशैली यांचा आढावा घेऊन 'हे शहर कोणाचे?' या तेथील सार्वजनिक जीवनात पुन्हा पुन्हा विचारल्या गेलेल्या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : सुवर्णधाव, स्थलांतर, बंदर, गोदी कामगार, गदर चळवळ, गृहनिर्माण, माहिती तंत्रज्ञान.

प्रस्तावना

नगरांचा अभ्यास करताना भूगोल आणि इतिहास यांची फारकत करता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाबतीत हे विधान विशेषत्वाने खरे ठरते. पश्चिमेस पॅसिफिक महासागर, उत्तरेस गोल्डन गेट ही समुद्रधुनी आणि पूर्वेस विस्तीर्ण उपसागर अशा तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या द्वीपकल्पाच्या टोकावर हे शहर वसले आहे. त्याचे भूक्षेत्र केवळ सुमारे १२१ चौरस किलोमीटर असून त्याचाही मोठा भाग टेकड्यांनी आणि मूळच्या वाळूच्या ढिगाऱ्यांनी व्यापलेला आहे. चौथ्या, म्हणजे दक्षिण दिशेलाही प्रशासकीय सीमा येऊन भिडते. लॉस एंजेलिसप्रमाणे आजूबाजूचा प्रदेश सामावून घेत पसरण्याची संधी या शहराला मिळाली नाही. २०२० च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ८,७३,९६५ इतकी होती. मर्यादित जमीन आणि अमर्याद आकर्षण या दोन गोष्टींच्या ताणातून शहराचे अर्थकारण व समाजकारण घडत गेले, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

प्रारंभीचा काळ

युरोपीय लोक येण्यापूर्वी हजारो वर्षे या प्रदेशात ओलोनी समाजाची वस्ती होती. शिकार, मासेमारी, शिंपले आणि ओक वृक्षाची फळे यांवर त्यांची उपजीविका चाले. उपसागराचे मुख धुक्यात दडलेले असल्यामुळे किनाऱ्याने ये-जा करणाऱ्या स्पॅनिश दर्यावर्दींना ते दीर्घकाळ सापडले नाही. १७७५ मध्ये 'सान कार्लोस' हे स्पॅनिश जहाज प्रथमच उपसागरात शिरले आणि १७७६ मध्ये, म्हणजे अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले त्याच वर्षी, स्पेनने येथे लष्करी ठाणे आणि धर्मप्रसाराचे केंद्र स्थापन केले. संत फ्रान्सिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या केंद्रात ओलोनी लोकांना धर्मांतरित करून श्रमास जुंपण्यात आले. गोवर व इतर साथींनी या समाजाची अतोनात हानी झाली. शहराच्या इतिहासातील पहिले विस्थापन ते हेच होय.

१८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर हा प्रदेश त्या देशाकडे आला. १८३५ च्या सुमारास येर्बा बुएना नावाची लहान व्यापारी वस्ती येथे उभी राहिली. अमेरिका-मेक्सिको युद्धाच्या काळात, जुलै १८४६ मध्ये, अमेरिकी नौदलाने या वस्तीवर आपला ध्वज फडकावला आणि १८४७ च्या जानेवारीत तिचे नाव सॅन फ्रान्सिस्को असे बदलण्यात आले. त्या वेळी येथे काही शेकडा लोक राहत होते.

सुवर्णधाव आणि नगराचा उदय

२४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथील सटर यांच्या लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शल यास सोन्याचे कण आढळले. त्यानंतर नऊच दिवसांनी, २ फेब्रुवारीस, मेक्सिकोने तहान्वये कॅलिफोर्निया अमेरिकेच्या स्वाधीन केले. तह करणाऱ्यांपैकी कोणासही सोन्याची वार्ता ठाऊक नव्हती. १८४९ मध्ये जगभरातून माणसांचा लोंढा सुरू झाला आणि सुमारे हजार वस्तीचे गाव त्या वर्षअखेर पंचवीस हजारांच्या आसपास पोहोचले. खलाशीच सोने शोधण्यास पळून गेल्यामुळे शेकडो जहाजे बंदरात बेवारस पडून राहिली. त्यांपैकी काहींची गोदामे, काहींची निवासगृहे झाली. पुढे किनाऱ्यावर भर घालून जमीन तयार केली गेली तेव्हा कित्येक जहाजे जागच्या जागी गाडली गेली. आजच्या वित्तीय विभागातील इमारतींचे पाये खणताना त्यांचे सांगाडे अधूनमधून सापडतात.

सोने खणणाऱ्यांपैकी फार थोडे श्रीमंत झाले. खाणकामगारांना लागणारा माल, पैसा आणि वाहतूक पुरविणाऱ्यांच्या हाती मात्र स्थिर संपत्ती आली. वेल्स फार्गो या संस्थेने १८५२ मध्ये येथे पतपेढी व मालवाहतुकीचा व्यवसाय सुरू केला. बव्हेरियातून आलेला लेव्ही स्ट्रॉस १८५३ मध्ये कापडाचा घाऊक व्यापारी म्हणून येथे स्थिरावला. रेनो येथील शिंपी जेकब डेव्हिस याच्या सहकार्याने त्याने २० मे १८७३ रोजी तांब्याच्या रिव्हेटांनी खिसे पक्के केलेल्या विजारींचे एकस्व मिळविले. जगभर वापरल्या जाणाऱ्या जीन्सचा उगम अशा रीतीने कष्टकऱ्यांच्या पोशाखात आहे.

१८५९ मध्ये नेवाडात कॉमस्टॉक येथे चांदीचा प्रचंड साठा सापडला. खाणी नेवाडात असल्या तरी त्यांचे भांडवल, शेअरबाजार आणि नफा सॅन फ्रान्सिस्कोत एकवटला. १८६९ मध्ये पूर्व व पश्चिम किनारे रेल्वेने जोडले गेले. उंच टेकड्यांवर घोडागाड्यांचे होणारे हाल ध्यानी घेऊन अँड्र्यू हॅलिडी याने १८७३ मध्ये रस्त्याखालून अखंड फिरणाऱ्या दोराला पकडून चालणारी केबलकार सुरू केली. या सोयीमुळे नॉब हिलसारख्या टेकड्यांवर रेल्वे व खाणमालकांचे वाडे उभे राहिले. १८८० पर्यंत शहराची लोकसंख्या २,३३,९५९ झाली होती.

चिनी समाज : बहिष्कार आणि न्यायालयीन लढा

सुवर्णधावेबरोबर दक्षिण चीनमधून हजारो तरुण कॅलिफोर्नियात आले. रेल्वेमार्गाच्या पश्चिम भागाचे बांधकाम मुख्यतः त्यांच्याच श्रमांवर उभे राहिले. रेल्वे पूर्ण झाल्यावर आणि १८७० च्या दशकातील मंदीत बेकारी वाढल्यावर गोऱ्या कामगारांचा रोष भांडवलदारांबरोबर या परक्या कामगारांवरही वळला. १८७७ मध्ये शहरात चिनी वस्तीवर दंगलखोरांनी हल्ले केले. त्याच वर्षी डेनिस कर्नी याच्या नेतृत्वाखाली कामगार पक्ष स्थापन झाला. 'चिन्यांनी गेलेच पाहिजे' ही त्याची घोषणा होती. १८८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने चिनी कामगारांच्या प्रवेशास बंदी करणारा कायदा संमत केला. तो १९४३ पर्यंत अमलात राहिला.

या बहिष्काराला चिनी समाजाने न्यायालयात उत्तर दिले, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. लाकडी इमारतीत धुलाई केंद्र चालविण्यासाठी नगरमंडळाचा परवाना आवश्यक ठरविणारा नियम १८८० मध्ये करण्यात आला. वरकरणी तो आगीपासून संरक्षणासाठी होता. परंतु सुमारे दोनशे चिनी अर्जदारांपैकी एकासही परवाना मिळाला नाही, तर इतर सुमारे ऐंशी अर्जदारांपैकी एक वगळता सर्वांना तो मिळाला. १८८६ च्या 'यिक वो' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, कायद्याची भाषा निःपक्षपाती असली तरी त्याची अंमलबजावणी भेदभावाने होत असेल तर ती समान संरक्षणाच्या तत्त्वाचा भंग करते. याच शहरात चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यास चीनमधून परतल्यावर प्रवेश नाकारण्यात आला. त्याच्या खटल्यात १८९८ मध्ये अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेल्यांच्या नागरिकत्वाचा हक्क मान्य झाला. मतदानाचा अधिकार नसलेल्या धोबी आणि आचारी यांनी एका मोठ्या लोकशाहीच्या राज्यघटनेचा अर्थ विस्तारला, ही सॅन फ्रान्सिस्कोच्या इतिहासातील मोलाची घटना मानावी लागेल.

१९०६ चा भूकंप आणि पुनर्बांधणी

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावर सुमारे ७.९ क्षमतेचा भूकंप झाला. धक्क्यांपेक्षा त्यानंतर लागलेल्या आगीने अधिक नाश केला. जमिनीखालील जलवाहिन्या फुटल्यामुळे आग विझविण्यास पाणी मिळेना. आगीचा मार्ग अडविण्यासाठी सुरुंग लावून इमारती पाडल्या गेल्या, त्यातूनही काही ठिकाणी नव्या आगी भडकल्या. सुमारे २८ हजार इमारती नष्ट झाल्या. चार लाख लोकसंख्येपैकी सव्वादोन लाखांच्या आसपास लोक बेघर झाले. मृतांची अधिकृत संख्या प्रारंभी काही शेकड्यांतच सांगण्यात आली. गुंतवणूकदार बिथरू नयेत ही काळजी त्यामागे होती आणि चिनी वस्तीतील मृतांची तर नीट गणतीही झाली नव्हती. नंतरच्या संशोधनातून हा आकडा तीन हजारांहून अधिक असल्याचे मानले जाते.

आपत्तीनंतर चिनी वस्ती मोक्याच्या जागेवरून शहराच्या कडेला हलविण्याचा घाट घातला गेला. जागामालकांचे भाडे, चीनशी चालणारा व्यापार आणि चिनी सरकारचा विरोध यांमुळे तो फसला. चिनी व्यापाऱ्यांनी तीच वस्ती वळणदार छपरांच्या आकर्षक शैलीत पुन्हा उभारली आणि पर्यटकांचे आकर्षण बनविली. जन्मनोंदी आगीत जळाल्यामुळे अनेकांना आपण अमेरिकेत जन्मल्याचा दावा करता आला आणि कागदोपत्री पुत्र म्हणून इतरांनाही आणता आले. याची छाननी करण्यासाठी १९१० ते १९४० या काळात उपसागरातील एंजल बेटावर स्थलांतरितांना आठवडे, प्रसंगी महिनेही, अडकवून ठेवले जाई.

बँकिंगच्या इतिहासातही या भूकंपाला स्थान आहे. इटालियन स्थलांतरितांचा पुत्र ए. पी. जानीनी याने १९०४ मध्ये लहान ठेवीदारांसाठी बँक ऑफ इटली काढली होती. आग पसरण्यापूर्वी त्याने बँकेची रोकड भाजीपाल्याच्या गाडीतून शहराबाहेर नेली आणि अल्पावधीतच धक्क्यावर टेबल मांडून सामान्य लोकांना घरबांधणीसाठी कर्जे दिली. याच संस्थेची पुढे बँक ऑफ अमेरिका झाली.

पाण्याची टंचाई दूर करण्यासाठी शहराने सुमारे २७० किलोमीटर दूर असलेल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील हेच हेची दरीकडे लक्ष वळविले. निसर्गवादी जॉन म्यूर यांनी धरणास कडवा विरोध केला. परंतु १९१३ मध्ये काँग्रेसने परवानगी दिली, १९२३ मध्ये धरण झाले आणि १९३४ मध्ये पाणी शहराजवळ पोहोचले. अमेरिकेतील पर्यावरण चळवळीची जडणघडण या वादात झाली असे मानले जाते.

भारतीय आणि मराठी संबंध

सॅन फ्रान्सिस्कोचा भारताशी असलेला संबंध संगणकयुगाच्या बराच आधीचा आहे. स्वामी विवेकानंदांनी १९०० मध्ये येथे वेदान्त सोसायटीची स्थापना केली. तिचे मंदिर जानेवारी १९०६ मध्ये उघडण्यात आले आणि तीनच महिन्यांनी झालेल्या भूकंपातून ते बचावले. त्या काळात पंजाबी शेतकरी व माजी सैनिक पॅसिफिक किनाऱ्यावरील लाकूडगिरण्यांत आणि शेतमळ्यांत मजुरी करीत होते, तर बर्कले येथील विद्यापीठात भारतीय विद्यार्थी शिकत होते. वंशभेदाचे अपमान सोसताना पारतंत्र्याची जाणीव अधिक तीव्र झाली. १९१३ मध्ये सोहनसिंग भकना अध्यक्ष आणि लाला हरदयाळ चिटणीस असलेली संघटना स्थापन झाली. तिचे मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोत 'युगांतर आश्रम' या नावाने सुरू झाले. १ नोव्हेंबर १९१३ रोजी 'गदर' या पत्राचा पहिला उर्दू अंक येथून निघाला. पुढे पत्राच्या नावानेच संघटना ओळखली जाऊ लागली.

या चळवळीत महाराष्ट्राचाही वाटा होता. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे अमेरिकेत कृषिशास्त्राचे शिक्षण घेताना गदरच्या उभारणीत सहभागी झाले. मायदेशी परतण्याचा मार्ग बंद झाल्यावर त्यांनी मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून मक्याच्या संशोधनात नाव मिळविले. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे अभियांत्रिकीचे शिक्षण घेण्यास अमेरिकेत गेले होते. १९१४ मध्ये ते सशस्त्र उठावासाठी भारतात परतले, मार्च १९१५ मध्ये मीरत येथे पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी कर्तारसिंग सराभा यांच्यासमवेत लाहोर येथे फाशी गेले. त्यानंतर १९१७-१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात भारतीय क्रांतिकारक आणि जर्मन मुत्सद्दी यांच्यावर तटस्थतेच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल खटला चालला. एप्रिल १९१८ मध्ये, खटल्याच्या अखेरच्या दिवशी, रामचंद्र या गदर नेत्याची न्यायालयातच गोळी घालून हत्या झाली. शहरातील वूड स्ट्रीटवर आज गदर स्मारक आहे.

बंदर, कामगार आणि युद्धकाळ

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहराचा आर्थिक कणा बंदर हाच होता. रोज पहाटे फेरी बिल्डिंगसमोर गोदी कामगार गर्दी करून उभे राहत आणि मुकादम मर्जीप्रमाणे माणसे निवडी. काम मिळविण्यासाठी लाच द्यावी लागे. या पद्धतीविरुद्ध ९ मे १९३४ रोजी संपूर्ण पश्चिम किनाऱ्यावर संप सुरू झाला. ५ जुलै रोजी पोलिसांच्या गोळीबारात दोघे मृत्युमुखी पडले. त्यानंतर १६ ते १९ जुलै असे चार दिवस संपूर्ण शहरात सार्वत्रिक संप झाला. हॅरी ब्रिजेस या ऑस्ट्रेलियातून आलेल्या कामगाराने त्याचे नेतृत्व केले. लवादाच्या निर्णयाने संघटनेच्या देखरेखीखाली पाळीपाळीने काम वाटणारे केंद्र सुरू झाले आणि मुकादमाची सत्ता संपली. शहराच्या पुरोगामी राजकीय परंपरेचे मूळ या संपात आढळते.

मंदीच्या याच दशकात दोन भव्य पूल उभे राहिले. ऑकलंडला जोडणारा बे ब्रिज नोव्हेंबर १९३६ मध्ये आणि गोल्डन गेट पूल मे १९३७ मध्ये खुला झाला. गोल्डन गेटचा मुख्य गाळा १,२८० मीटर लांब असून तो तत्कालीन जगातील सर्वांत लांब झुलता गाळा होता. बांधकामात अकरा कामगारांनी प्राण गमावले. मुख्य अभियंता म्हणून जोसेफ स्ट्रॉस यांचे नाव झाले. गणिती आराखड्याचे बरेचसे काम केलेल्या चार्ल्स एलिस यांच्या श्रेयाचा उल्लेख मात्र अनेक दशके टाळला गेला.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक आघाडीकडे जाणाऱ्या सैन्याचे हे प्रमुख बंदर होते. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबण्यात आले आणि त्यांची वस्ती रिकामी झाली. जहाजबांधणीच्या कामासाठी दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय कामगार तेथील घरांत राहू लागले. त्यांची संख्या १९४० मध्ये पाच हजारांहून कमी होती, ती १९५० मध्ये ४३ हजारांवर गेली. २६ जून १९४५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर याच शहरात पन्नास राष्ट्रांनी सह्या केल्या. भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व रामस्वामी मुदलियार यांनी केले होते.

युद्धोत्तर परिवर्तन

१९५० नंतर तीन मोठे बदल घडले. पहिला बदल बंदराचा. कंटेनरमधून होणाऱ्या वाहतुकीस मोकळी जमीन व रेल्वेचे जाळे लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या अरुंद धक्क्यांपाशी ते नव्हते, पलीकडच्या ऑकलंडला होते. त्यामुळे काही दशकांतच मालवाहतूक उपसागर ओलांडून गेली आणि तिच्यावर जगणारी कामगारवस्ती विरळ झाली.

दुसरा बदल 'नगर पुनर्विकासा'चा. जीर्ण वस्ती हटविण्याच्या नावाखाली फिलमोर भागातील हजारो कृष्णवर्णीय व जपानी कुटुंबांची घरे १९५० व १९६० च्या दशकांत पाडण्यात आली. परतण्याची हमी देणारी प्रमाणपत्रे दिली गेली, पण परत येऊ शकलेली कुटुंबे थोडीच होती. १९७० मध्ये शहरात सुमारे १३ टक्के असलेले कृष्णवर्णीयांचे प्रमाण २०२० पर्यंत पाच टक्क्यांच्या आसपास उतरले. इंटरनॅशनल हॉटेल या इमारतीत राहणाऱ्या वृद्ध फिलिपिनो व चिनी भाडेकरूंचा लढाही येथेच नोंदवावा लागेल. ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे हजारो समर्थकांची मानवी साखळी तोडून पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. इमारत पाडली गेली, पण जागा वर्षानुवर्षे रिकामी राहिली. अखेर २००५ मध्ये तेथे वृद्धांसाठी परवडणारी १०४ घरे उभी राहिली.

तिसरा बदल सांस्कृतिक. लॉरेन्स फर्लिंगेटी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेले सिटी लाइट्स हे पुस्तकांचे दुकान बंडखोर लेखकांचे माहेरघर झाले. १९६७ च्या उन्हाळ्यात हेट-ॲशबरी भागात हिप्पी तरुणांचा मेळा भरला. कॅस्ट्रो भागात समलिंगी समाजाने आपली वसाहत वसविली. या समाजाचे प्रतिनिधी हार्वी मिल्क १९७७ मध्ये नगरमंडळावर निवडून आले, परंतु २७ नोव्हेंबर १९७८ रोजी त्यांची व महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची हत्या झाली. १९८० च्या दशकातील एड्सच्या साथीत शहरातील सार्वजनिक रुग्णालयाने १९८३ मध्ये सुरू केलेला स्वतंत्र कक्ष रुग्णांना स्पर्श करून, आपुलकीने शुश्रूषा करण्याच्या पद्धतीमुळे आदर्श ठरला.

वर्तमान अर्थव्यवस्था

शहराच्या दक्षिणेस पन्नासेक किलोमीटरवर, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या परिसरात, सिलिकॉन व्हॅली विकसित झाली. प्रारंभी शहर केवळ त्याचे शेजारी होते. १९९० च्या दशकात संकेतस्थळांच्या कंपन्या शहरात आल्या. २००० नंतरच्या पडझडीत त्यांतील अनेक बंद पडल्या. २००८ नंतर एअरबीएनबी, उबर, ट्विटर अशा कंपन्यांनी शहरातच मुख्यालये थाटली. ओस पडलेल्या मार्केट स्ट्रीटवर कंपन्यांनी यावे म्हणून नगरपालिकेने २०११ मध्ये वेतनकरात सवलत दिली. २०१८ मध्ये उघडलेला ३२६ मीटर उंचीचा सेल्सफोर्स मनोरा या कालखंडाचे प्रतीक होय. याशिवाय कॅलिफोर्निया विद्यापीठाची वैद्यकीय संस्था, बँकिंग आणि पर्यटन हे रोजगाराचे मोठे स्रोत आहेत. पर्यटकांची वार्षिक संख्या दोन कोटींहून अधिक असते.

या समृद्धीची दुसरी बाजू घरांच्या किमतीत दिसते. सर्वसाधारण घराची किंमत दहा लाख डॉलरच्या वर गेली आहे. याची कारणे केवळ मागणीत शोधणे अपुरे ठरेल. १९७८ च्या 'प्रस्ताव १३'ने मालमत्ता कराची आकारणी खरेदीच्या वेळच्या किमतीशी बांधून तिच्या वाढीस वार्षिक दोन टक्क्यांची मर्यादा घातली. त्यामुळे जुने मालक घर सोडण्यास नाखूश असतात. त्याच वर्षी निवासी भागांतील बहुतांश इमारतींच्या उंचीवर सुमारे बारा मीटरची मर्यादा आली. १९७९ च्या भाडेनियंत्रणाने त्यापूर्वीच्या इमारतींतील भाडेकरूंना संरक्षण मिळाले, पण १९८५ च्या राज्य कायद्याने भाड्याचा व्यवसाय बंद करू इच्छिणाऱ्या मालकास भाडेकरू काढण्याची मुभा दिली. अतिपरिचित परिसर जपण्याची रहिवाशांची इच्छा समजण्याजोगी आहे. तिचा एकत्रित परिणाम मात्र असा झाला की शिक्षक, परिचारिका व बसचालक ज्या शहराची सेवा करतात तेथे त्यांनाच राहणे दुरापास्त झाले. २०१३ मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांच्या खाजगी बसगाड्या अडवून झालेली निदर्शने या असंतोषाची द्योतक होती.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी झाली आणि घरून काम करण्याची पद्धत रूढ झाली. शहराने वर्षभरात सुमारे सहा-सात टक्के रहिवासी गमावले. २०२३-२४ मध्ये कार्यालयीन जागांपैकी तीस टक्क्यांहून अधिक रिक्त होत्या. जानेवारी २०२४ च्या गणनेत ८,३२३ बेघर व्यक्ती आढळल्या. फेंटॅनिलसारख्या मादक द्रव्यांच्या अतिसेवनाने २०२३ मध्ये आठशेहून अधिक मृत्यू झाले. त्याच सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील कंपन्यांनी शहरात मोठी गुंतवणूक आणली. ओसाड कार्यालये, पदपथावरील तंबू आणि नव्या उद्योगाची भरभराट हे सारे एकाच वेळी दिसावे, हे या शहराच्या इतिहासाशी सुसंगतच आहे.

जीवनशैली

शहराच्या जीवनमानावर धुक्याचा मोठा प्रभाव आहे. उन्हाळ्यात अंतर्भागातील तापलेली हवा वर जाते आणि समुद्रावरील थंड, धुक्याने भरलेली हवा गोल्डन गेटमधून आत खेचली जाते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्येही लोकरी कपडे लागतात आणि खरी ऊब सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मिळते. टेकड्यांवरील रंगीबेरंगी व्हिक्टोरियन घरे, केबलकारची घंटा आणि वाळूच्या टेकड्यांवर माती व झाडे आणून फुलविलेले सुमारे हजार एकरांचे गोल्डन गेट उद्यान ही शहराची ओळख आहे.

आहारात स्थलांतराचा इतिहास जिवंत आहे. सुवर्णधावेच्या काळापासून चालत आलेला आंबवलेल्या पिठाचा पाव, इटालियन कोळ्यांचा माशांचा रस्सा, चिनी वस्तीतील वाफवलेले पदार्थ आणि मिशन भागातील भात-राजमा भरलेली मेक्सिकन पोळी हे सर्व येथील रोजचे अन्न आहे. लोकसंख्येत आशियाई वंशाच्या लोकांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांश आहे. अठरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण मात्र चौदा टक्क्यांच्या आसपास असून अमेरिकेतील मोठ्या शहरांत ते अत्यल्प गणले जाते. कुटुंब वाढू लागले की दांपत्ये स्वस्त घराच्या शोधात शहर सोडतात.

सार्वजनिक धोरणांत प्रयोगशीलता दिसते. मोठ्या दुकानांतील प्लास्टिक पिशव्यांवर २००७ मध्ये बंदी घालणारे हे अमेरिकेतील पहिले शहर होय. २००९ पासून ओला कचरा वेगळा करणे सक्तीचे झाले. फेब्रुवारी २००४ मध्ये समलिंगी जोडप्यांना विवाह परवाने देण्यास येथे प्रारंभ झाला आणि २०१५ मध्ये हा हक्क देशभर मान्य झाला.

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर भारतीय मोठ्या संख्येने या परिसरात आले. मराठी कुटुंबांची वस्ती प्रामुख्याने शहराबाहेर, उपसागराच्या दक्षिण व पूर्व भागांत आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०२४ चे अधिवेशन जवळच्याच सॅन होजे येथे भरले होते. खानखोजे व पिंगळे यांच्या पिढीला जेथे वंशभेद सोसावा लागला तेथेच शंभर वर्षांनी मराठी समाज प्रतिष्ठेने नांदतो, हे परिवर्तन लक्षणीय आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) सॅन फ्रान्सिस्कोची अर्थव्यवस्था सलग वाढीची नसून तेजी-मंदीच्या लाटांची आहे. प्रत्येक मंदीत शहर संपल्याचे बोलले गेले आणि प्रत्येक वेळी नव्या उद्योगाने ते सावरले.

२) या लाटांचा लाभ आणि भार समप्रमाणात वाटला गेला नाही. ओलोनी, चिनी, जपानी, कृष्णवर्णीय आणि अल्प उत्पन्नाचे भाडेकरू यांना आळीपाळीने विस्थापनास तोंड द्यावे लागले.

३) शहराची उदारमतवादी प्रतिमा वरून लाभलेली नाही. धुलाई केंद्रांचे चालक, गोदी कामगार, भाडेकरू आणि अल्पसंख्य समाज यांच्या दीर्घ लढ्यांतून ती घडली आहे.

४) नव्या स्थलांतरितांचे स्वागत करण्याची वृत्ती असूनही त्यांच्यासाठी घरे बांधण्यास होणारा विरोध हा शहराच्या जीवनातील मुख्य अंतर्विरोध आहे.

कॅलिफोर्निया राज्याने २०२३ ते २०३१ या काळात शहरास सुमारे ८२ हजार नव्या घरांची तरतूद करण्यास बजावले आहे. शहराच्या अलीकडील बांधकामाच्या गतीशी तुलना करता हे उद्दिष्ट अत्यंत मोठे आहे. भूकंपानंतर चार लाखांच्या शहराची काही वर्षांत पुनर्बांधणी करणाऱ्या नगराला ते अशक्य म्हणता येणार नाही. १९०६ मध्ये घरे निसर्गाने पाडली होती, त्यामुळे ती पुन्हा बांधण्याविषयी कोणाचे दुमत नव्हते. आजची टंचाई नियमांनी आणि मतदारांच्या निर्णयांनी निर्माण झाली आहे आणि ती दूर करणेही त्यांच्याच हाती आहे. शहरात आधी पोहोचलेल्यांनी नंतर येणाऱ्यांसाठी किती जागा करावी, या प्रश्नाचे जे उत्तर सॅन फ्रान्सिस्को देईल त्यावर तेथील पुढील पिढीचे वास्तव्य अवलंबून राहील.